मिरीवरचे साप आणि चाळीस जोड बूट

समुद्राच्या काठी सुरंगी नावाचे बंदर होते आणि तिथे गोमशेट नावाचा मिरीचा व्यापारी राहत असे. माणूस मनाने चांगला होता, मापाला चोख होता. पण काळजी करण्यात त्याचा हात कोणी धरला नसता. आभाळ भरून आले की त्याला वाटे, आता मिरी भिजणार. आभाळ मोकळे झाले की वाटे, आता ऊन जास्त होणार.

मात्र त्याची सर्वांत मोठी काळजी वेगळीच होती आणि ती त्याने कोणालाही सांगितली नव्हती. मिरी किती सोपी आहे, हे परदेशच्या लोकांना कळले तर काय होईल?

कारण मिरी खरोखरच सोपी होती. बंदरापासून एका दिवसाच्या वाटेवर, घाटाच्या उतारावर, येसूबाईची बाग होती. बागेत फणसाची झाडे होती आणि त्यांच्यावर मिरवेली चढल्या होत्या. माघ महिना आला की हिरवे घड लोंबू लागत. येसूबाई ते तोडायची, अंगणात पसरायची आणि अनवाणी पायांनी हलके हलके तुडवायची, म्हणजे दाणे सुटत. मग ते चटईवर पाच दिवस वाळवायचे. हिरवा दाणा काळा पडे, त्याला सुरकुत्या येत, की झाली मिरी. मधूनच एखादी कोंबडी त्यावरून चालत जाई. येसूबाई तिला हुसकायची, आणि जगात एवढे नाव कमावलेल्या मिरीचे काम तिथेच संपे.

पण हाच दाणा गलबतात बसून पश्चिमेला गेला की त्याचे नशीबच पालटे. एडनचा सालेह नाखवा दर वर्षी आपल्या गलबतातून गोमशेटचा माल न्यायचा. तो सांगायचा, "शेट, फिरंग्यांच्या थंड मुलखात तुझी मिरी कुलपात ठेवतात. मुलीच्या लग्नात मिरी देतात. दाणे मोजून घरभाडं भरतात!"

हे ऐकून दुसरा कोणी हरखला असता. गोमशेटला मात्र घाम फुटायचा. अंगणातल्या दाण्याला एवढे मोल कसे? नक्कीच काहीतरी चूक झाली आहे, आणि एक दिवस ती कोणाच्या तरी लक्षात येणार!

ही भीती त्याच्या घरात तीन पिढ्यांची होती. फार वर्षांपूर्वी एका नाखव्याने त्याच्या आजोबांना विचारले होते, "एवढ्याशा दाण्याला एवढा भाव कशाला?" आजोबा गडबडले आणि बोलून गेले, "अहो, वेलीवेलीला साप असतो! त्यांना हुसकायला रान पेटवावं लागतं. म्हणून तर दाणा काळा."

नाखवा मागितलेला भाव देऊन गेला. तेव्हापासून त्या घरात रीतच पडली. गलबते भरायची वेळ आली की घरातल्या मोठ्या माणसाने साप चावल्यासारखे हाताला फडके बांधायचे, धक्क्यावर उभे राहायचे आणि खलाशांना सापांची हकीकत सांगायची. खलाशी ती पुढच्या बंदरात सांगत. सुरंगीहून निघालेला साप साधा असे. एडनला पोचेपर्यंत त्याला पंख फुटत. फिरंग्यांच्या मुलखात शिरेपर्यंत तो आग ओकू लागे.

गोमशेटही दर वर्षी फडके बांधायचा. बांधताना त्याचे हात थरथरत. खलाशांना वाटे, विषाचाच परिणाम.

एका माघात सालेह नाखव्याचे गलबत धक्क्याला लागले आणि त्यातून एक उंच, लाल तोंडाचा फिरंगी उतरला. त्याचे नाव जाकोमो. त्याच्यामागून हमाल गोणपाटात बांधलेली मोठमोठी गाठोडी उतरवू लागले.

"हा कोण, नाखवा?" गोमशेटने विचारले.

"मोठा मिरीचा व्यापारी व्हायचंय त्याला. पण आधी तुझ्या लोकांसाठी काहीतरी आणलंय. तूच बघ," सालेह म्हणाला. तो ओठ चावून हसू दाबत होता.

जाकोमोने एक गाठोडे सोडले. आत बूट होते. गुडघ्यापर्यंत येणारे, जाड चामड्याचे, दुहेरी शिवणीचे. चाळीस जोड.

जाकोमो भरभर बोलू लागला आणि सालेह ते मराठीत सांगू लागला.

"तो म्हणतो, त्याचं गाव डोंगरात आहे. सहा महिने बर्फ असतं. तेव्हा खायला खारवलेले मासे आणि सलगमाचं पाणी. सगळ्याला एकच चव, म्हणजे कसलीच नाही. वर्षातून एकदा, नाताळला, त्याच्या घरी कढणात चिमूटभर मिरी घालतात. त्या दिवशी सगळं घर जागं झाल्यासारखं वाटतं. त्याचा बाप चांभार आहे. तो पहिला घास घेण्याआधी चमचा खाली ठेवतो आणि सापांच्या तोंडी जाऊन मिरी काढणाऱ्या गरिबांसाठी देवाची प्रार्थना करतो."

गोमशेटने फडके बांधलेला हात पाठीमागे नेला.

"एका नाताळला म्हातारा म्हणाला, नुसती प्रार्थना करून साप चावायचे थोडेच थांबणार? मी चांभार आहे, मला बूट शिवता येतात. मग गावातले सगळे चांभार बसले. दोन वर्षं शिवत होते. हा ते घेऊन दीड वर्ष चालतोय. आणि म्हणतो, हे बूट मी माझ्या हातांनी त्यांच्या पायांत घालणार."

"वाट फार बिकट आहे," गोमशेट घाईघाईने म्हणाला.

"वाळवंटं तुडवून आलाय तो, शेट."

"साप सध्या चिडलेत."

"मग तर आजच जाऊ म्हणतो."

गोमशेट मनात हिशेब करू लागला. खरे सांगावे, तर भाव कोसळणार. एकट्याचा नव्हे, येसूबाईचा, घाटातल्या सगळ्या बागांचा, बैल हाकणाऱ्यांचा, धक्क्यावरच्या हमालांचा. खरे न सांगावे, तर त्या म्हाताऱ्या चांभाराचा चमचा डोळ्यांपुढून हलेना. एवढ्या मंडळींच्या पोटावर पाय देऊन मी खरेपणा कसा मिरवू, असे त्याने स्वतःला विचारले. उत्तर सोयीचे होते, म्हणून त्याने ते मान्य केले.

दुसऱ्या दिवशी तो पाहुण्यांच्या आधी पळतच येसूबाईच्या अंगणात पोचला. येसूबाई मिरी तुडवत होती.

"येसूबाई, पाहुणे येतायत. तू घाबरल्यासारखं कर."

"कोणाला घाबरू? पाहुण्यांना?"

"सापांना! तुझ्या बागेत साप आहेत, असं आम्ही बाहेर सांगतो."

येसूबाईचे पाय थांबले. "माझ्या बागेत?"

"थोडे पंखवाले."

"शेट, माझ्या बागेत एक धामण आहे. ती उंदीर खाते आणि आपल्या वाटेनं जाते. गरीब बिचारी. तिचं नाव कशाला खराब करता?"

"अगं, त्यावर भाव टिकून आहे! तुझा, माझा, सगळ्यांचा. तो बूट देईल. घाल, शिडीच्या दोन खाचा चढ, उतर. बस, एवढंच." आणि गोमशेटने हात जोडले.

तीस वर्षे ज्याने मापात कधी हात मारला नव्हता, तो माणूस हात जोडून उभा होता. येसूबाईला ते बघवेना. "बरं बाबा," ती म्हणाली, "पण हे तुमच्या डोक्यावर."

जाकोमो आला. येसूबाईला पाहताच त्याने टोपी काढली. तो अंगणात गुडघ्यावर बसला आणि त्याने स्वतःच्या हातांनी तिच्या पायांत बूट चढवले. त्याचे डोळे भरून आले होते. येसूबाईला अवघडल्यासारखे झाले. जन्मात कोणी तिच्या पायांशी बसले नव्हते.

आता, मिरी काढायची शिडी म्हणजे एकच उभा बांबू असतो. त्याला खाचा पाडलेल्या असतात. अंगठा आणि बोटे यांच्या बेचक्यात बांबू धरायचा आणि सरसर वर जायचे. येसूबाई त्यावर आठव्या वर्षापासून चढत होती. बूट घालून मात्र ती आज पहिल्यांदाच चढत होती.

दोन खाचा ती कशीबशी चढली. उतरणार, तेवढ्यात जाकोमो खालून ओरडला, "आणखी वर! आता भिऊ नका!" आणि सालेहने ते इमानेइतबारे सांगितले. पाहुण्याचा आनंद मोडवेना, म्हणून ती चढत गेली. दोन पुरुष उंचीवर तिचा बूट सटकला.

बांबू बाजूला गेला. येसूबाईने फणसाची फांदी पकडली आणि ती हवेत लोंबू लागली.

"बूट काढते रे!" ती ओरडली. तिने पाय झाडला. एक बूट सुटला आणि थेट गोमशेटच्या पागोट्यावर आदळला. दुसराही पडला. आता मोकळ्या पायांनी ती बांबू चाचपू लागली. एकदा का अंगठ्याला खाच लागली असती, तर ती खारीसारखी खाली आली असती.

पण जाकोमोने काय पाहिले? सापांनी भरलेल्या झाडावर उघडे पाय! तो किंचाळला, दोन्ही बूट उचलून धावला, उडी मारून बांबूवर चढला आणि येसूबाईचा पाय पकडून त्यात बूट कोंबू लागला.

"सोड मेल्या! पडेन मी!" येसूबाई ओरडली. जाकोमोला वाटले, साप चावला. तो आणखी जोरात ओढू लागला. फांदीवरची तिची बोटे एकेक करून सुटू लागली.

"साप नाहीत!" गोमशेट ओरडला. "सोड तिला! एकही साप नाही!"

जाकोमोला मराठी कळत नव्हते.

"नाखवा, सांग त्याला!"

सालेह जवळ सरकून हळूच म्हणाला, "शेट, विचार कर. एकदा बोललो की शब्द परत येत नाही. भाव..."

"भाव गेला खड्ड्यात! ती पडतेय! सांग, साप नाहीत, कधीच नव्हते, माझं घर तीन पिढ्या खोटं बोललं! सांग!"

सालेहने सांगितले, आणि चांगले ठणठणीत आवाजात सांगितले.

जाकोमोने तिचा पाय सोडला आणि तो बांबूवरून खाली उतरला. येसूबाईच्या अंगठ्याला खाच सापडली. क्षणात ती खाली उतरली, तिने पदर खोचला आणि पहिले काम केले ते म्हणजे कोंबडीला चटईवरून हुसकले.

गोमशेटने हाताचे फडके सोडले. आतली कातडी अगदी धडधाकट होती.

"आता तुला सगळं कळलं," तो सालेहकरवी जाकोमोला म्हणाला. "झाड आहे, वेल आहे, ऊन आहे. बस. तुझ्या बाबांच्या प्रार्थना मी फुकट घेतल्या. माफ कर. आणि भावाचं म्हणशील, तर तू म्हणशील तो. निम्मा म्हण, पाव म्हण."

जाकोमो चटईजवळ बसून राहिला. तो रागावला होता, हे दिसतच होते. त्याने मूठभर दाणे उचलले, हुंगले आणि बराच वेळ तळव्यावर फिरवत राहिला. मग त्याने विचारले, "हे सगळं या बाईंनी पायांनी सोडवलं?"

"पायांनीच," येसूबाई म्हणाली. "बुटांनी दाणा फुटतो. किती जोर द्यायचा ते तळव्यालाच कळतं. माझ्या थोरल्या सुनेला अजून जमत नाही."

"आणि पाऊस आला तर?"

"तर वर्ष गेलं."

जाकोमोने मान हलवली. मग तो गोमशेटकडे वळला आणि सावकाश बोलू लागला. सालेहही सावकाश सांगू लागला.

"शेट, तुला वाटतं आम्ही सापाला भाव देतो? मी दीड वर्ष या दाण्याच्या वाटेनं उलटा चालत आलोय. बाई झाडावर चढते. बैलवाला घाट उतरतो. खलाशी समुद्रावर तीन महिने घरापासून लांब असतो. आम्ही येताना एक गलबत बुडताना पाहिलं. त्यात मिरी होती आणि माणसंही होती. मग उंटवाले. वाळवंटात माझ्याबरोबरची दोन माणसं राहिली, ती राहिलीच. मग प्रत्येक वेशीवर जकात. मग पुन्हा जहाज, मग बर्फातली खेचरं. शंभर हातांतून गेलेला दाणा आमच्या कढणात पडतो, आणि एवढं फिरूनही त्याचा तिखटपणा तसाच असतो. आमच्याकडे असलं काही उगवत नाही. त्याला मोल येणार नाही तर कशाला येईल? एवढं सगळं खरं असताना तुम्हाला साप कशाला लागला?"

जन्मभर गोमशेटने मिरीची वाट अंगणापासून धक्क्यापर्यंतच मोजली होती. धक्क्यापुढे काय होते, हे त्याच्या मनात कधी आलेच नव्हते.

"मी ठरलेला भाव देईन," जाकोमो म्हणाला. "पण मला सगळं दाखवा. घरी गेल्यावर बाबांना खरं सांगायचंय."

पाच दिवस तो येसूबाईच्या अंगणात राहिला. त्याने मिरी तुडवून पाहिली आणि अर्धी पाटी वाया घालवली. येसूबाई म्हणाली, "तू थोरल्या सुनेच्या पंक्तीला बस." बुटांचे काय करायचे, हा प्रश्न बैलवाल्यांनी सोडवला. घाटातल्या काट्यांनी त्यांचे पाय वर्षानुवर्षे सोलून निघत होते. त्यांनी बूट चढवले आणि घाटातून अशा ऐटीत चाल धरली की बैलही मागे वळून पाहू लागले.

जाकोमो गेला आणि गोमशेटची काळजी सुरू झाली. फिरंग्यांच्या गावाहून उत्तर यायला तीन वर्षे लागणार होती. तोवर सालेह येई, माल नेई, आणि विचारले की खांदे उडवी. धक्क्यावर आता सापांची हकीकत होत नसे. खलाशी आग्रह करत, तेव्हा गोमशेट त्यांना येसूबाईचे अंगण, बैलवाले आणि घाट यांच्याबद्दल सांगे. अर्धे खलाशी मधेच उठून जात. तेवढ्यानेही त्याचा जीव खालीवर होई. आपण खरे बोलून सगळ्यांचे वाटोळे तर केले नाही ना? तसे झालेच असेल, तर येसूबाईला तोंड कसे दाखवायचे?

चौथ्या माघात सालेह नाखवा कागद घेऊन उतरला.

"वाच, वाच!" गोमशेट म्हणाला. मग म्हणाला, "नको, आधी मला बसू दे."

सालेह वाचू लागला. "जाकोमो लिहितो, गावाच्या चौकात सगळ्यांना खरं सांगितलं. लहान मुलं रडली. त्यांना साप हवे होते. मोठ्या माणसांपैकीही काही रडल्यासारखीच झाली. मग माझे बाबा उठले आणि म्हणाले, म्हणजे अनवाणी पायांनी, एकेक दाणा? आणि त्या बाईंचं नाव काय? या नाताळला त्यांनी चमचा खाली ठेवून येसूबाईंचं नाव घेतलं. नाव म्हणायला जरा अवघड गेलं. शेजारच्या तीन गावांना आता याच बागेची मिरी हवी आहे. भाव जुनाच."

गोमशेटने कागद उलटा करून पाहिला. मागे काही वाईट लिहिलेले नव्हते. त्याने तो पुन्हा वाचायला लावला. मग तो इतक्या मोठ्याने हसला की धक्क्यावरचे बगळे उडाले.

त्याच पावली तो कागद घेऊन येसूबाईकडे गेला. तिने सगळे ऐकून घेतले. समुद्रापलीकडे बर्फातला एक म्हातारा आपले नाव घेतो, हे ऐकून ती जरा वेळ फणसाकडे बघत राहिली. मग पदराला हात पुसत म्हणाली,

"शेट, एक बोलू?"

"बोल की."

"इतकी वर्षं जोखीम सगळी सापाची होती. आता कळलं की ती माझी होती."

"हो तर!"

"साप काही मागत नव्हता. मी मागणार. यंदापासून पाटीमागे माझा भाव वाढवा."

गोमशेटने क्षणभर कपाळाला आठी घातली. त्याच्या वाट्याचे कमी होणार होते, हे उघड होते. पण आयुष्यात पहिल्यांदाच एक खर्च त्याला काळजीचा वाटला नाही.

"वाढवला," तो म्हणाला.

"आणि बैलवाल्यांचाही."

"येसूबाई!"

"बूट झिजलेत त्यांचे, शेट."

"वाढवला, बाई, त्यांचाही वाढवला!"

तात्पर्य: जी वस्तू माणसांच्या कष्टाने मोलाची झालेली असते, तिला खोट्याचा टेकू लागत नाही, खोट्याने तिचे मोल तसूभरही वाढत नाही, फक्त कष्ट करणाऱ्याचे नाव झाकले जाते.